घरचा सर्व्हर अपडेटनंतर बंद पडला, तर बिघाड शोधायचा कसा?

टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना लॅपटॉप. झाकण बंद, इंटरनेटची केबल लावलेली. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो रात्री गुपचूप त्यात जाऊन पडतात, लग्नाचे व्हिडिओ त्यात असतात, सोसायटीची कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं, सगळं त्यातच. मग एखाद्या रविवारी ‘अपडेट करून टाकू’ म्हणून दोन कमांड दिल्या जातात आणि मशीन परत उठतच नाही.

अशा वेळी पहिली भीती एकच असते: फोटो गेले का?

बहुतेक वेळा गेलेले नसतात. अपडेट बिघडतं ते ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि फोटो ही त्या डिस्कवर पडलेली साधी फाइल असते. सिस्टिम सुरू होत नसली तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की त्या फाइल वाचता येतात. डेटा खरोखर जातो तो पुष्कळदा बिघाडामुळे नव्हे, तर बिघाड दुरुस्त करायच्या घाईत. कुणी सगळं नव्याने इन्स्टॉल करायला घेतं आणि चुकीची डिस्क फॉरमॅट होते. कुणी इंटरनेटवर सापडलेली कमांड न वाचता चिकटवतं. म्हणून पहिल्या तासाभरात काहीही पुसायचं नाही, काहीही फॉरमॅट करायचं नाही, एवढं पाळलं तरी मोठं नुकसान टळतं.

घरगुती सर्व्हरवर साधारणपणे डेबियन, उबंटू किंवा रास्पबेरी पाय ओएस यांपैकी एक असतं. उबंटू आणि रास्पबेरी पाय ओएस ही दोन्ही डेबियनवर आधारलेली असल्यामुळे तिघांची अपडेटची यंत्रणा एकच आहे. ‘एपीटी’ नावाचं साधन इंटरनेटवरून पॅकेज आणतं आणि ‘डीपीकेजी’ नावाचं साधन ते बसवतं. बिघाड आणण्यात झालाय की बसवण्यात, हे कळलं की अर्धं काम होतं.

नोंदी आधी, उपाय नंतर

लिनक्सची चांगली गोष्ट म्हणजे ते सगळं लिहून ठेवतं. ‘/व्हार/लॉग/एपीटी’ या फोल्डरमधल्या ‘हिस्टरी’ फाइलमध्ये कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलं, याची यादी असते. ‘परवापासून चालत नाही’ अशी तक्रार असेल तर परवा काय बदललं ते इथे दिसतं. पुष्कळ वेळा दिसतं की परवा काहीच अपडेट झालं नव्हतं. मग अपडेटला दोष देणं थांबवून दुसरीकडे पाहायचं.

‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ ही कमांड कोणत्या सेवा सुरू होऊ शकल्या नाहीत ते सांगते. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ही मशीन याआधी सुरू होतं तेव्हाची नोंद दाखवते, म्हणजे बंद पडण्याआधीचे त्याचे शेवटचे शब्द. शंभर ओळी लाल दिसल्या की माणूस शेवटची ओळ वाचतो. ती बहुधा परिणाम असते. कारण सापडतं ते पहिल्या लाल ओळीत.

अपडेट सुरूच होत नाही तेव्हा

‘दुसऱ्या कुणीतरी कुलूप घेतलंय’ अशा अर्थाचा संदेश सगळ्यांत जास्त दिसतो. ‘कुड नॉट गेट लॉक’ असे त्याचे शब्द असतात. इंटरनेटवरचा लोकप्रिय सल्ला आहे की ती कुलपाची फाइल पुसून टाका. हा सल्ला वाईट आहे. उबंटू सुरक्षेची अपडेट मागच्या बाजूला आपोआप बसवत असतं आणि तेव्हा ते कुलूप त्याच्याकडे असतं. चालू कामाखालून कुलूप काढून घेतलं तर दोन प्रक्रिया एकाच वहीत एकाच वेळी लिहायला लागतात. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की बहुतेक वेळा प्रश्न आपोआप सुटतो.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे जागा. ‘डीएफ -एच’ दिलं की कोणता भाग किती भरलाय ते कळतं. एक टेराबाइटची डिस्क अर्धी रिकामी असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येतो तेव्हा लोक चक्रावतात. याचं कारण ‘बूट’ हा वेगळा छोटा भाग असतो, विशेषतः इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तेव्हा. प्रत्येक नवं कर्नल त्यात येऊन बसतं आणि जुनी साठत जातात. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ जुनी कर्नल काढून टाकतं. हाताने काढायची वेळ आली तर आधी ‘युनेम -आर’ देऊन सध्या कोणतं कर्नल चालू आहे ते बघावं आणि त्याला हात लावू नये. ज्या फांदीवर बसलोय ती तोडण्याचा हा प्रकार अनेकांनी करून पाहिलेला आहे.

डॉकर वापरणाऱ्यांकडे आणखी एक गळती असते. जुन्या इमेज तशाच पडून राहतात आणि ‘व्हार’ फोल्डर फुगत जातो. ‘डॉकर सिस्टिम प्रून’ त्या साफ करतं, पण त्याला ‘व्हॉल्यूम्स’चा पर्याय जोडू नये. कंटेनरचा डेटा व्हॉल्यूममध्येच असतो, आणि त्या क्षणी जे व्हॉल्यूम कुठल्याही कंटेनरला जोडलेलं नाही ते त्या पर्यायामुळे पुसलं जाऊ शकतं.

‘४०४’ असा आकडा आला तर बहुधा आपली आवृत्ती म्हातारी झालेली असते. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत अपडेट मिळतात, डेबियनलाही साधारण तेवढीच. मुदत संपल्यावर कधीतरी ती पॅकेज नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात ठेवली जातात. आपलं मशीन मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत राहतं. पत्ता बदलून तात्पुरतं काम भागतं, पण सुरक्षेची नवी अपडेट तिथेही येत नाहीत.

सही पटत नाही, चावी नाही, असे संदेश बहुधा बाहेरच्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीमुळे येतात. त्या प्रकल्पाने चावी बदललेली असते. ती त्यांच्या अधिकृत पानावरून पुन्हा घ्यायची. सही तपासणंच बंद करण्याचा पर्याय असतो, तो वापरू नये. आपण बसवतोय ते पॅकेज खरंच त्या प्रकल्पाचं आहे, याचा तेवढा एकच पुरावा आपल्याकडे असतो.

आणि घड्याळ! रास्पबेरी पायच्या ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये वीज गेल्यावरही वेळ चालू ठेवणारं घड्याळच नव्हतं. ते ५ मध्ये आलं, त्याची बॅटरी मात्र वेगळी लावावी लागते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट उशिरा आलं, तर मशीन कालच्याच तारखेत वावरतं आणि ‘ही यादी अजून वैध झालेली नाही’ असं म्हणत अपडेट नाकारतं. जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल संपला की तिथेही हेच. ‘डेट’ ही चार अक्षरी कमांड सगळ्यांत आधी द्यावी, ती याचसाठी.

तारखेचा आणखी एक मोठा किस्सा ३० सप्टेंबर २०२१ चा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. ज्यांच्या सिस्टिम अद्ययावत होत्या त्यांना फारसं काही कळलंही नाही. जुन्या ओपनएसएसएलवर अडकलेल्या मशीनना मात्र एका दिवसात निम्मं इंटरनेट ‘असुरक्षित’ वाटायला लागलं. मशीनवर कुणी काहीही बदललं नव्हतं, आणि बिघाड नेमका त्यामुळेच झाला होता.

अपडेट चालू असताना वीज गेली तर

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत आणि शहरांतही ही कल्पना करायची गोष्ट नाही. डीपीकेजी अर्ध्यात थांबलं की काही पॅकेज ‘उलगडलेली पण न बसवलेली’ अशा अवस्थेत राहतात. त्याला पुढे जायला सांगणारी कमांड आहे ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. त्यानंतर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. या दोन कमांडमध्ये अशी बहुतेक प्रकरणं मार्गी लागतात. यातल्या दुसरीने काही पॅकेज काढायची परवानगी मागितली तर यादी वाचूनच होकार द्यावा. यादीत डेटाबेस किंवा ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ दिसलं तर थांबावं.

वीज गेलेली नसते, फक्त वाय-फाय तुटतं, तरीही हाच घोळ होतो. दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरून अपडेट चालवलेलं असतं, जोडणी तुटते आणि तिच्याबरोबर अपडेटही मरतं. ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ या साधनात अपडेट चालवलं तर जोडणी तुटली तरी ते आत सुरू राहतं आणि परत जोडल्यावर जिथल्या तिथे सापडतं. जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करण्यात एक फायदा असा की त्याची बॅटरी आयता इन्व्हर्टर होते. मात्र वर्षानुवर्षं चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी फुगू शकते. लॅपटॉपचा तळ किंवा टचपॅड वर आल्यासारखं वाटलं तर तो आधी बंद करून बॅटरी बदलावी, अपडेट नंतर.

मध्येच एक प्रश्न विचारला जातो: अमुक सेटिंग फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी ठेवू की तुमचीच? घाईत नवी निवडली की वर्षापूर्वी हाताने केलेली सगळी जुळवाजुळव जाते आणि सेवा सुरू होत नाही. काही न निवडता एंटर दाबलं तर आपलीच फाइल राहते. नवी निवडली असेल तरी जुनी त्याच फोल्डरमध्ये ‘डीपीकेजी-ओल्ड’ अशा शेपटीसकट जपून ठेवलेली असते. ती परत नावावर आणता येते.

मशीन उठतच नाही

इथे मॉनिटर आणि कीबोर्ड जोडण्याला पर्याय नाही. नेटवर्कवर दिसत नाही म्हणजे मशीन मेलं असं नसतं. कित्येकदा ते व्यवस्थित सुरू असतं आणि फक्त नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं. लिनक्स हे नाव कार्ड कोणत्या खाचेत आहे त्यावरून ठरवतं. एखादं नवं कार्ड बसवलं की खाचांचे क्रमांक सरकू शकतात. सेटिंग जुन्या नावावर आणि कार्ड नव्या नावाचं, त्यामुळे पत्ता मिळत नाही. ‘आयपी ए’ दिलं की नवं नाव समोर येतं.

पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ दिसलं तर मशीन पुन्हा सुरू करून ग्रबची यादी आणायची. नव्या मशीनवर सुरुवातीला एस्केप, जुन्यांवर शिफ्ट दाबून ठेवलं की ती दिसते. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल असतं. ते निवडून मशीन सुरू झालं, तर दोष नव्या कर्नलचा किंवा ते अर्धवट बसल्याचा. जुनी कर्नल सगळीच्या सगळी का काढू नयेत, याचं उत्तरही इथेच मिळतं. रास्पबेरी पायवर ग्रब नसतो, तिथे कार्ड काढून दुसऱ्या संगणकात तपासावं लागतं.

कधी कधी मशीन दीड मिनिट एकाच ओळीवर थांबतं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ म्हणून पासवर्ड मागतं. यात अपडेटचा काहीच हात नसतो. ‘/एटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये कोणत्या डिस्क कुठे जोडायच्या ते लिहिलेलं असतं. त्यात नोंदवलेली एखादी यूएसबी डिस्क काढून ठेवलेली असेल किंवा खराब झाली असेल, तर सिस्टिमडी तिची ९० सेकंद वाट पाहतं आणि हात टेकतं. मशीन आठ महिने एकदाही बंद झालेलं नसतं, त्यामुळे ती चूक आठ महिने झाकलेली असते. अपडेटनंतरच्या पहिल्या रीबूटला ती बाहेर येते आणि आळ अपडेटवर जातो. त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की डिस्क नसली तरी बाकीचं मशीन सुरू होतं.

सगळं सुरू, पण फोटो दिसत नाहीत

हा प्रकार सगळ्यांत अवघड, कारण इथे सिस्टिम ठणठणीत असते आणि वरचा ॲप रुसलेला असतो.

नेक्स्टक्लाउडचं उदाहरण घ्या. घरच्या घरी गुगल ड्राइव्हसारखी सोय करायला हे सॉफ्टवेअर पुष्कळ लोक वापरतात. ते पीएचपीवर चालतं आणि त्याची प्रत्येक आवृत्ती पीएचपीच्या ठरावीक आवृत्त्यांशीच जमवून घेते. डेबियन ११ मध्ये पीएचपी ७.४ होतं, डेबियन १२ मध्ये ८.२ आलं, डेबियन १३ मध्ये ८.४. आता बघा गंमत: नेक्स्टक्लाउड २५ पीएचपी ७.४ ते ८.१ वर चालायचं, आणि नेक्स्टक्लाउड २६ ला किमान ८.० लागायचं. म्हणजे डेबियन ११ वर असताना २६ बसवता येत नाही, कारण पीएचपी जुनं. आणि डेबियन १२ वर गेल्यावर २५ चालत नाही, कारण पीएचपी फार नवं. दोन्ही पायऱ्यांच्या मधली फळीच गायब. ज्यांनी आधी डेबियन बदललं त्यांना ब्राउझरमध्ये फक्त ‘ही आवृत्ती या पीएचपीशी सुसंगत नाही’ एवढी ओळ दिसली.

यावर उपाय होता तो मधलं पीएचपी बाहेरून आणण्याचा. डेबियनसाठी पीएचपीची पॅकेज सांभाळणारे ओंद्रेई सुरी यांच्या रिपॉझिटरीत एकाच वेळी अनेक आवृत्त्या मिळतात. तिथून ८.१ घ्यायचं, त्यावर नेक्स्टक्लाउड २६ ला न्यायचं आणि मग ८.२ वर जायचं. नेक्स्टक्लाउडला मोठ्या आवृत्त्यांमध्ये उडी मारता येत नाही, २५ वरून थेट २८ होत नाही, एकेक पायरीच चढावी लागते. डेबियन १२ वरून १३ ला जाताना अडचण कमी आहे, कारण नेक्स्टक्लाउड ३१ पीएचपी ८.२ वरही चालतं आणि ८.४ वरही. आधी नेक्स्टक्लाउड ३१ वर आणायचं, मग डेबियनला हात लावायचा. क्रम उलटा केला की रविवार गेला.

डेटाबेसचंही असंच. पोस्टग्रेसच्या एका मोठ्या आवृत्तीचं डेटाचं फोल्डर पुढची मोठी आवृत्ती उघडत नाही. डेबियनवर निदान जुनी आवृत्ती शेजारी शाबूत राहते आणि ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ने डेटा नव्यात नेता येतो. डॉकरमध्ये मात्र इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असेल, तर एका ‘पुल’नंतर १५ ची १६ किंवा १७ होऊन बसते आणि कंटेनर सुरू होताच ‘डेटाबेस फाइल सर्व्हरशी सुसंगत नाहीत’ म्हणत बंद पडतो. इथे घाबरून डेटाचं फोल्डर रिकामं करणारे लोक आहेत. कंटेनर मग लगेच सुरू होतो, अगदी कोराकरकरीत. करायचं एवढंच असतं की फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ऐवजी जुना आकडा लिहायचा. सगळं पूर्ववत होतं, मग सवडीने डेटा बाहेर काढून नव्या आवृत्तीत भरता येतो.

डेबियन १२ पासून ‘पिप’ने पायथनची पॅकेज थेट सिस्टिममध्ये बसवू दिली जात नाहीत. डेबियन १३ मध्ये ‘/टीएमपी’ फोल्डर रॅममध्ये गेलंय, रॅमच्या निम्म्यापर्यंत. दोन जीबी रॅमच्या मशीनवर तिथे मोठ्या फाइल टाकणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर तिचा श्वास कोंडतो. आणि ३२ बिटचे फार जुने लॅपटॉप असतील तर डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद झाले आहेत.

सॉफ्टवेअर निर्दोष असेल तर

दर वेळी वेगळ्याच पॅकेजवर अपडेट कोसळत असेल, डाउनलोड केलेल्या फाइलची पडताळणी कधी जुळते कधी जुळत नाही असं होत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. मेमटेस्ट रात्रभर चालवून ठेवलं की उत्तर मिळतं. डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ आहे. त्यात ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे शून्याहून मोठे दिसले आणि वाढत चालले, तर दुरुस्ती सोडून आधी डेटा बाहेर काढावा. रास्पबेरी पायमध्ये मेमरी कार्ड झिजतं आणि पुष्कळदा झिजताना स्वतःला ‘फक्त वाचण्यापुरतं’ करून टाकतं. अपडेट होत नाही, फाइल सेव्ह होत नाही, पण मशीन चालू दिसतं. असं कार्ड बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग अपडेटच कशाला करायचं?

हा प्रश्न दर वेळी येतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकासाठी अपडेट दिलं. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच भोकातून दीडशेच्या आसपास देशांत पसरला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते बसवलं होतं, त्यांचं त्या भोकातून काही बिघडलं नाही.

उलट बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरच्या लक्षात आलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. खोदता खोदता निघालं की ‘एक्सझेड’ या फाइल दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचलाच नव्हता, चाचणीच्या आणि ‘सिड’ या अस्थिर शाखेत गेला होता. (डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात. सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा मुलगा.) घरच्या सर्व्हरवर स्थिर आवृत्ती असावी आणि तिची सुरक्षेची अपडेट आपोआप बसावीत. आवृत्तीच बदलण्याचा मोठा बदल मात्र हाताने, वेळ काढून करावा. उबंटू स्वतःही दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्यावर जायचं आमंत्रण तिची पहिली दुरुस्त प्रत आल्यावरच देतं. डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही, ११ वरून आधी १२, मग १३.

हात घालण्याआधी पाहायच्या गोष्टी फार नाहीत. मोठ्या अपडेटच्या आधी मशीन एकदा नुसतं रीबूट करून बघावं. ते तेव्हाच उठलं नाही तर दोष आधीपासूनचा आहे हे तरी कळतं. एसएसएचची सेटिंग बदलली असेल तर ‘एसएसएचडी -टी’ने तपासून मगच सेवा पुन्हा सुरू करावी आणि तोवर उघडी असलेली खिडकी बंद करू नये. डेटाबेस नुसता कॉपी न करता त्याचा ‘डंप’ काढावा, कारण चालू डेटाबेसची कॉपी अर्धवट निघू शकते.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा जुना हिशेब आहे. घराबाहेरची प्रत म्हणजे गावाकडे भावाच्या घरी ठेवलेली पोर्टेबल डिस्कही चालते, दिवाळीला गेलं की बदलून आणायची. त्या डिस्कवरून चार-दोन फोटो उघडूनही पाहावेत. न उघडलेला बॅकअप शाबूत आहे की नाही, हे नेमकं त्याची गरज पडते त्या दिवशी कळतं.